एका बाराची बंदूक : जतच्या माळावरील शिकारी रायफलीचा प्रश्न

सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाला असलेला जत तालुका हा पर्जन्यछायेचा, उघड्या माळांचा आणि दोन भाषांचा प्रदेश आहे. पश्चिमेकडील गावांत मराठी व पूर्वेकडील अनेक गावांत कानडी बोलली जाते. बाजारात दोन्ही भाषा चालतात. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात सटवाजीराव डफळे यांना आदिलशाहीकडून या भागाची देशमुखी मिळाली. पुढे या घराण्याचे संस्थान झाले आणि १८४९ मध्ये सातारचे राज्य खालसा झाल्यावर ते थेट इंग्रजांच्या देखरेखीखाली आले. १९४८ च्या मार्चमध्ये जत मुंबई इलाख्यात विलीन झाले, १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्ह्यात गेले आणि १९६० मध्ये त्या जिल्ह्यालाच सांगली हे नाव मिळाले. विसाव्या शतकाच्या आरंभी डफळापुरासह या संस्थानाचे क्षेत्र सुमारे ९८० चौरस मैल असून १९०१ च्या खानेसुमारीत लोकसंख्या ६८,६६५ भरली होती. म्हणजे दर चौरस मैलास सत्तर माणसे. उरलेल्या जागेत कुसळी गवत, काळवीट, चिंकारा, लांडगा आणि माळढोक.

अशा मुलखात शिकारीसाठी कोणती रायफल घ्यावी, एका वेळी एकच काडतूस घेणारी की बोल्ट मागेपुढे सारून पेटीतील काडतुसे एकामागून एक चढविणारी, हा प्रश्न १८९० नंतरच्या दोन पिढ्यांतील शिकाऱ्यांपुढे होता. वरवर पाहता तो केवळ यंत्राचा व हौसेचा प्रश्न वाटतो. परंतु त्याचे उत्तर दख्खनच्या माळावर शिकाऱ्याने स्वतः तोलून दिले, असे इतिहासावरून दिसत नाही. ते पुष्कळसे अन्यत्र, लष्करी कारखान्यांत आणि सरकारी कचेऱ्यांत ठरले. ते कसे, हे पाहण्यापूर्वी या हत्यारांसाठी मराठीने कोणते शब्द वापरले ते पाहणे उपयोगाचे आहे, कारण लोकांनी त्या हत्यारात काय महत्त्वाचे मानले ते त्या शब्दांत उतरले आहे.

शस्त्रांची मराठी परिभाषा बहुतांशी पाहुणी आहे. 'बंदूक' हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आला. मूळ अर्थ गोळी किंवा कवचीचे लहान फळ. 'तोफ' तुर्की, 'काडतूस' पोर्तुगीज. 'फैर' हे इंग्रजी 'फायर'चेच रूप मानले जाते. शिवकालात राज्यव्यवहारकोश सिद्ध करताना रघुनाथ पंडितांनी शस्त्रांचा स्वतंत्र वर्ग योजून संस्कृत पर्याय दिले, तरी शिपायाच्या तोंडी बंदूक आणि तोफच राहिली. बंदुकीचे प्रकार सांगताना मात्र मराठीने आपली रीत काढली, आणि ती भरण्याच्या व पेटविण्याच्या कृतीवरून. जळत्या दोरीने शिलगावायची ती तोड्याची बंदूक, गारेच्या ठिणगीची ती चकमकीची, तोंडाकडून दारू व गोळी गजाने ठासून भरायची ती ठासणीची, टिकलीवर घोडा पडून उडणारी ती केपाची. नळ्या मोजायच्या तर एकनळी व दुनळी.

या सर्वांच्या मुळाशी एक लहानसा शब्द आहे, 'बार'. बंदुकीत भरलेली एका खेपेची दारूगोळी म्हणजे बार आणि ती उडाल्याचा आवाज म्हणजेही बारच. बार भरतात, बार काढतात, बार उडतो, बार फुकट जातो. फारसीत 'बार' म्हणजे ओझे आणि 'बार' म्हणजे खेपही. मराठी शब्द त्याच्याशी जोडला तर एका खेपेचे ओझे असा अर्थ सहज जुळतो. भरणे आणि उडविणे या दोन्ही क्रियांना एकच नाव असावे, यात ठासणीच्या बंदुकीचा सारा अनुभव साठविलेला आहे. एकदा भरावे, एकदा उडवावे, आणि मग पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा. काडतुसांची पेटी पोटात बाळगणारी रायफल आली तेव्हा या शब्दाचे दोन अर्थ प्रथमच फुटले: भरणे एकदाच, बार पाच. मराठीने या नव्या यंत्रासाठी स्वतःचे नाव घडविले नाही. 'बोल्ट' म्हणजे दाराचा अडसर किंवा खीळ. जुन्या प्रघाताप्रमाणे 'अडसराची बंदूक' म्हणणे अवघड नव्हते. पण तोपर्यंत बंदूक ही गावच्या लोहाराच्या दुरुस्तीची वस्तू उरली नव्हती आणि कारखान्याची वस्तू कारखान्याचे नाव घेऊनच आली.

शिकारीसाठी मराठीत दोन शब्द आहेत. 'शिकार' फारसी, 'पारध' देशी. 'पारध' हा शब्द व्युत्पत्तिकार संस्कृत 'पापर्द्धि'शी, म्हणजे पापाच्या वृद्धीशी जोडतात. शिकारीला हे नाव देणाराने आपले मत लपविले नाही. जतच्या पूर्वभागातील कानडीत शिकार म्हणजे 'बेटे', गोळी म्हणजे 'गुंडू', हरिण म्हणजे 'चिगरी' आणि माळढोक म्हणजे 'एरेभूत', काळ्या रानातले भूत. उंच, संथ चालणारा, उन्हाच्या झळांत मधूनच दिसेनासा होणारा तो पक्षी ज्याने पाहिला त्याला या नावाचे स्पष्टीकरण नको.

या माळावर काळवीट मारण्याच्या बंदुकीवाचूनच्या रीती जुन्या होत्या. फासेपारधी फास लावून हरणे धरीत. जवळच्या कोल्हापूर संस्थानात पाळीव चित्त्यांकरवी काळविटांची शिकार चाले आणि देशी चित्ते मिळेनासे झाल्यावर विसाव्या शतकात तेथे आफ्रिकेतून चित्ते आणविले गेले. चित्ता बैलगाडीवरून कळपाजवळ नेत. बंदूकवाल्या शिकाऱ्यानेही तीच युक्ती उचलली होती, कारण माळावरचे हरिण पायी माणसाला बुजते पण शेतकऱ्याच्या गाडीला बुजत नाही. गाडी कळपाकडे सरळ न नेता तिरकी न्यावी, गाडीच्या आडून उतरावे, गाडी पुढे जाऊ द्यावी आणि बसून नेम धरावा. तरीही अंतर शंभर ते दोनशे वारांचे पडते. सातारच्या पश्चिमेकडील सह्याद्रीच्या झाडीत जनावर वीस-तीस वारांवर समोर येई, आणि तेथे दुनळी बंदूक किंवा जड दुनळी रायफल हेच शहाणपणाचे हत्यार मानले जाई. जतला झाडीच नसल्याने तेथे दूरचा मारा हाच मुख्य प्रश्न होता.

एका बाराच्या रायफलींत दख्खनमध्ये सर्वांत परिचित झालेली म्हणजे मार्टिनी-हेन्री. अमेरिकन पीबॉडी याच्या कल्पनेवर स्विस कारागीर मार्टिनी याने सुधारणा केली, नळीतील आटे एडिनबरोच्या अलेक्झांडर हेन्री याच्या पद्धतीचे घेतले आणि १८७१ मध्ये ब्रिटिश सैन्याने ती स्वीकारली. मुठीखालचा दांडा खाली ओढला की नळीमागचा ठोकळा पुढून खाली झुकतो व रिकामे काडतूस बाहेर पडते. नवे काडतूस बोटाने सरकवावे, दांडा वर घ्यावा, की रायफल भरली आणि घोडाही चढला. भाग थोडे, मोडतोड कमी. यंत्र आखूड असल्याने तेवढ्याच लांबीची नळी असूनही रायफल काही इंच आटोपशीर राहते; गाडीच्या आडून काम करणाराला ही सोय लहान नाही. १८७२ मध्ये स्कॉटलंडच्या जॉन फार्कहरसन याने सरळ खाली सरकणाऱ्या ठोकळ्याची जी रचना केली ती तर याहूनही बळकट होती. आफ्रिकेतील प्रसिद्ध शिकारी सेलू याने तशीच रायफल वापरली.

बोल्टची कल्पना वयाने लहान नाही. प्रशियाने ड्रायझेची सुईची बंदूक १८४१ मध्येच स्वीकारली होती. माउझरने १८७१ पासून ती रचना सुधारीत नेली आणि १८९८ च्या नमुन्यात तिला जे रूप दिले ते पुढील बहुतेक शिकारी रायफलींचा पाया ठरले. ब्रिटिशांची ली-मेटफर्ड १८८८ ची आणि ली-एनफील्ड १८९५ ची. लंडनच्या रिग्बी या बंदूककाराने माउझरचे यंत्र घेऊन शिकारी रायफली बांधल्या. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ मध्ये सर जॉन हेवेट यांनी जिम कॉर्बेट यांना जी रायफल भेट दिली ती याच घडणीची, .२७५ बोअरची. त्याच कॉर्बेट यांनी लहानपणी नैनितालच्या कॅडेटांची .४५० ची मार्टिनी हाताळली होती. एका माणसाच्या आयुष्यात हे संक्रमण पुरे झालेले दिसते.

आता या दोहोंची तुलना करताना एक चूक सर्रास होते. मार्टिनीची गोळी ४८० ग्रेन वजनाची व काळ्या दारूवर उडणारी. नळीतून तिचा वेग सेकंदाला सुमारे १,३०० फूट असतो. दोनशे वार कापायला तिला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो आणि तेवढ्यात ती नळीच्या रेषेखाली सुमारे चार फूट उतरते. .२७५ ची १४० ग्रेनची गोळी २,७०० फुटांच्या आसपास वेगाने निघते, तेच अंतर पाव सेकंदात कापते आणि फूटभराच्या आतच उतरते. काळविटाच्या छातीची खोली ध्यानात घेता पहिल्या रायफलीत अंतराचा अंदाज वीस-तीस वारांनी चुकला तर गोळी पोटाखालून जाते किंवा पाठीवरून. दुसरीत तेवढ्या चुकीने काही बिघडत नाही. उघड्या माळावर, जेथे अंतर मोजायला झाड नाही की बांध नाही, हा फरक निर्णायक आहे. परंतु हे श्रेय बोल्टचे नाही. ते १८८४ मध्ये फ्रान्समध्ये व्हिएय याने सिद्ध केलेल्या बिनधुराच्या दारूचे आणि तिच्यामुळे शक्य झालेल्या बारीक गोळीचे आहे. तेच काडतूस फार्कहरसनच्या धर्तीच्या एकबारी रायफलीत घातले असते तर गोळी तशीच सपाट गेली असती, आणि तशा रायफली इंग्लंडमध्ये बनतही होत्या. नवे काडतूस व नवे यंत्र एकाच सुमारास आले म्हणून एकाचा गुण दुसऱ्याच्या नावे जमा झाला. भाषेच्या इतिहासात असे अर्थांतर नित्याचे आहे. शस्त्रांच्या इतिहासात ते कमी ओळखले जाते.

मग बोल्टचा खास लाभ कोणता? शीघ्रता, असे उत्तर येते. पण आकडे पाहिले तर तो लाभ समजुतीपेक्षा लहान आहे. मार्टिनीचा सरावलेला शिपाई मिनिटाला बारा बार काढी. ली-एनफील्डच्या शिपायाकडून नेम धरून पंधरा बारांची अपेक्षा असे. पाच सेकंदांऐवजी चार. काळवीट भरधाव सुटले की ताशी ८० किलोमीटरपर्यंत वेग घेते, म्हणजे पाच सेकंदांत शंभर मीटरांहून अधिक अंतर तोडते. चार सेकंदांतही ते नव्वदाच्या घरात जाते. खरा फरक वेळेचा नसून लक्षाचा आहे. एकबारी रायफलीत हात कमरपट्ट्याकडे जातो आणि नजर हाताकडे. बोल्टच्या रायफलीत दस्ता खांद्यावरून न हलविता नजर जनावरावर ठेवता येते. जखमी जनावर गवतात कोठे पडले हे पाहण्यासाठी त्याचे मोल मोठे आहे.

दुसरा लाभ रिकामे काडतूस ओढून काढण्याच्या ताकदीचा. बोल्ट उचलताना तिरकस खाचेमुळे काडतूस आधी सैल होते व मगच ओढले जाते. मार्टिनीच्या पातळ पितळी पत्र्याच्या जुन्या काडतुसांनी १८८५ मध्ये सुदानात अबू क्लेआच्या लढाईत धुळीने व उष्णतेने अडकून बसून मोठा घोटाळा केला होता. ब्रिटिशांच्या कॉर्डाइट दारूचा दाब उन्हाने वाढे. म्हणून हिंदुस्थानसाठी जड रायफलींची काडतुसे मुद्दाम कमी भरीची करीत. जतचा वैशाख आणि तेथील काळ्या मातीची धूळ ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा मुद्दा पुस्तकी वाटणार नाही. तथापि घट्ट ओढलेल्या पितळेचे काडतूस रूढ झाल्यावर याची तीव्रता पुष्कळ कमी झाली. एकंदरीत, बिनधुराचे काडतूस घेणारी चांगली एकबारी रायफल जतच्या काळविटासाठी अपुरी नव्हती, असेच म्हणावे लागते. लांडग्याच्या किंवा जखमी बिबट्याच्या बाबतीत पारडे दुसरीकडे झुकते.

मग ती मागे का पडली? पहिले कारण किमतीचे. युरोपातील प्रत्येक सैन्याला लाखांनी बोल्टच्या रायफली हव्या होत्या. त्या घाऊक उत्पादनामुळे त्याच यंत्राची शिकारी रायफल स्वस्त पडे. उलट उत्तम एकबारी रायफल हाताने घासून जुळविलेली, म्हणून महाग. साधेपणाला जास्त पैसे पडावेत ही यंत्रयुगातील एक गंमत आहे. मुंबईत १८९१ मध्ये आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सचे दुकान निघाल्यावर विलायती माल दख्खनच्या संस्थानांना जवळ आला.

दुसरे कारण कायद्याचे आणि ते अधिक खोलवरचे. १८५७ च्या उठावाच्या मुखाशी एनफील्डचे काडतूस होते. त्यानंतर हिंदी पलटणींना गोऱ्यांपेक्षा एक पिढी मागचे हत्यार द्यायचे असे धोरण पडले. गोऱ्या सैनिकाकडे पेटीची रायफल आली तेव्हा हिंदी शिपायाच्या हाती मार्टिनी आली. १८७८ च्या शस्त्रकायद्याने परवान्यावाचून हत्यार बाळगणे हिंदी माणसाला गुन्हा ठरले. वासुदेव बळवंत फडके यांचे बंड त्याच्या पुढच्याच वर्षीचे. संस्थानिकांना व सरकारमान्य प्रतिष्ठितांना या कायद्यातून सूट असे, रयतेला नाही. काँग्रेसने या कायद्याविरुद्ध ठराव केले आणि टिळकांच्या पत्रांतूनही त्यावर टीका होत राहिली. त्यामुळे जतसारख्या संस्थानात रायफल निवडण्याचा प्रश्न फार थोड्यांपुढे होता. बाकीच्यांच्या हाती परवाना असलाच तर ठासणीची बंदूक, शेतातले पीक राखण्यापुरती.

ज्यांना निवड होती त्यांचीही निवड मोकळी नव्हती. सैन्याची काडतुसे बंडखोरांच्या हाती पडू नयेत म्हणून लष्करी बोअरच्या रायफली खाजगी वापरास बंद झाल्या. १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानात .४५० बोअरच्या काडतुसांच्या आयातीवर बंदी आली. विलायती बंदूककारांनी लगोलग .४७० सारखी नवी बोअर काढून ती चुकविली. जुन्या मार्टिनीच्या मालकाला मात्र तशी पळवाट नव्हती, कारण रायफल शाबूत असून तिचे खाद्यच दुर्मिळ झाले. .३०३ खाजगी माणसाला वर्ज्यच होती. तिच्या जागी ऑस्ट्रियन मॅनलिखरचे आठ मिलिमीटरचे काडतूस '.३१५' या नावाने हिंदुस्थानात रूढ झाले. पुढे ईशापूरच्या सरकारी कारखान्याने याच बोअरची बोल्टची शिकारी रायफल बनविली आणि स्वातंत्र्योत्तर काळात परवानाधारकाची रायफल म्हणजे 'तीनशेपंधरा' असे समीकरण होऊन बसले. या काडतुसाची गोळी .२७५ इतकी सपाट जात नाही. उघड्या माळासाठी ते कोणी शोधून काढलेले नव्हते. कायद्याच्या जाळीतून जे गळून खाली आले ते हे.

याच ईशापूरला आणखी एक वस्तू तयार झाली. तिच्यात या लेखातील दोन्ही पक्ष एकत्र आले आहेत. पोलीस व तुरुंगाचे पहारेकरी यांना देण्यासाठी .३०३ ली-एनफील्डच्या नळ्या .४१० बोअरच्या, आटे नसलेल्या केल्या गेल्या आणि काडतुसांच्या पेटीच्या जागी लाकडाचा ठोकळा बसविला गेला. यंत्र बोल्टचे, पण बार एकच. दहा बारांच्या रायफलीला मुद्दाम एका बाराची करणे ही कारागिराची गरज नव्हे. ते हत्यार हाती घेणाऱ्या हिंदी शिपायावर सरकारचा कितपत भरवसा होता, याचे ते लाकडी माप होय. मराठीत या हत्याराला 'मस्केट' असेच म्हणत. एक शतक जुना शब्द नव्या यंत्रावर परत येऊन बसला, आणि या वेळी तो चपखल बसला.

शिकारीच्या नीतीचा प्रश्न या काळात चर्चेत होताच. एकच बार हाती असेल तर माणूस नेम नीट धरतो, शंका असेल तर चाप ओढीत नाही. पेटीत पाच असतील तर पळत्या कळपावरही झाडतो, असे एकबारी रायफलीचे पुरस्कर्ते म्हणत. प्रतिपक्षाचे म्हणणे असे की जनावर जखमी होऊन तडफडत राहण्यापेक्षा दुसरी गोळी तयार असणे हेच दयेचे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. पण दुसरे मत ज्या शिस्तीवर उभे आहे ती शिस्त दुसऱ्या महायुद्धानंतर मोडली. लष्कराने काढून टाकलेल्या जीपगाड्या, प्रखर दिवे आणि बोल्टच्या रायफली एकत्र आल्या. बैलगाडीच्या आडून तासभर करावयाचा पाठलाग मिनिटांवर आला. रात्री दिव्याने दिपलेला कळप जागच्या जागी उभा राहतो. १९४७ मध्ये कोरियाच्या महाराजांनी तीन चित्ते रात्रीच्या वेळी गाडीवरून मारले ते हिंदुस्थानातील अखेरचे चित्ते गणले गेले, आणि १९५२ मध्ये ती जात देशातून नष्ट झाल्याचे जाहीर झाले. चित्ता आधीच विरळ झाला होता, त्यामुळे तो दोष एका रायफलीवर घालता येत नाही. दख्खनच्या माळांवरचे काळविटांचे मोठे कळप मात्र याच दोन-तीन दशकांत विरळ झाले. माळ नांगराखाली जाणे हे त्याचे दुसरे कारण.

१९५९ चा शस्त्रकायदा १९६२ मध्ये अमलात आला. त्याने परकी सत्तेचा कायदा बदलला, परवान्याची चौकट ठेवली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळवीट, चिंकारा, लांडगा आणि माळढोक यांची शिकार बंद केली. जतच्या उत्तरेस सोलापूरजवळ नान्नज येथे १९७९ मध्ये माळढोकसाठी अभयारण्य झाले. तेथेही तो पक्षी पुढे दुर्मिळच होत गेला. जतच्या पूर्वेकडच्या कानडीत 'एरेभूत' हा शब्द उरला आहे. ज्याला तो लावायचा तो पक्षी पाहिलेली माणसे थोडी आहेत. मराठीत 'बार' मात्र नांदतो आहे. तो आता शिकारीचा राहिलेला नाही. लग्नाचा बार उडतो, निवडणुकीतला फुसका निघतो, आणि तंबाखूचा तळहातावर मळून ओठाआड भरला जातो.